हंट्सव्हिलचं रॉकेट सेंटर : एफ-१ इंजिनाखाली एक दिवस

माझी लेक अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलला राहते. मी आले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आई, या वेळी कुठे फिरायचं? अटलांटा की नॅशव्हिल?" या खेपेला मी म्हटलं, लांब कुठे नको. हायवेवरून जाताना ते उंच पांढरं रॉकेट दिसतं ना, तिथे ने. तिला वाटलं, नातवासाठी म्हणतेय. मी माझ्यासाठीच म्हणत होते.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं का लिहितेय ते कळेल. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं क्वालिटीत काढली. आम्ही हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं, बनवायचो. शेकडो बारीक ट्यूब एका जाड प्लेटमध्ये बसवायच्या, प्रत्येक जोड पक्का करायचा, मग बारीक भेगा शोधायला रंग लावून डाय पेनेट्रंट, मग पाणी भरून दाब देऊन हायड्रो टेस्ट. ट्यूब आणि तिचा जोड, यांतच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे यू.एस. स्पेस अँड रॉकेट सेंटरचा हा अभिप्राय एका इन्स्पेक्टर बाईचा आहे. सिम्युलेटर, पाळणे, मुलांचे खेळ यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. नातू त्यांत खूश होता, एवढं पुरे.

हायवेवरून दिसतं ते उभं रॉकेट म्हणजे माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ ची पूर्ण उंचीची प्रतिकृती, १९९९ साली उभारलेली. खरं सॅटर्न ५ शेजारच्या डेव्हिडसन सेंटर या मोठ्या हॉलमध्ये आडवं ठेवलंय. रॉकेटची पूर्ण उंची ११० मीटर. आडवं असलं तरी एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. ते वर टांगल्यासारखं ठेवलंय, त्यामुळे आपण थेट पोटाखालून चालत जातो. बहुतेक लोक चंद्राच्या टोकाकडून सुरुवात करतात. तिथे अपोलो १६ चं यान आहे, 'कॅस्पर'. चंद्रावरचा दगडही आहे. माझं ऐका, उलटं जा. शेपटीकडून सुरुवात करा, सकाळी, पाय ताजे असताना.

शेपटीला पाच एफ-१ इंजिनं आहेत.

मी फोटो पाहिले होते, आकडेही वाचले होते. तरी समोर गेल्यावर दोन मिनिटं बोलता आलं नाही. एकेक इंजिन साडेपाच मीटरहून उंच, नॉझलचं, म्हणजे ज्वाळा बाहेर पडते त्या घंटेचं, तोंड जवळजवळ पावणेचार मीटर रुंद. आमच्या भोसरीच्या घराची बैठकीची खोली त्या तोंडात मावली असती. एकेका इंजिनाचा रेटा सुमारे ६८० टनांचा. त्यासाठी ते दर सेकंदाला अडीच टनांहून जास्त इंधन आणि द्रव ऑक्सिजन गिळतं. हा आकडा मी जावयांना असा समजावला : उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसा भरलेला एक टँकर आणि वर आणखी पाव टँकर, ही पाच इंजिनं मिळून एका सेकंदात संपवतात. आणि असं अडीच मिनिटं चालू राहतं.

आणि इंधन कोणतं? रॉकेल. अतिशुद्ध केलेलं, पण रॉकेलच. ज्या पिढीने रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहून रॉकेल आणलंय, तिला हे कळल्यावर काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता ट्यूबकडे येते. ज्वलनकक्षाची आणि नॉझलच्या वरच्या भागाची भिंत अखंड पत्र्याची नाही, ती ट्यूबची आहे. वरच्या भागात १७८ ट्यूब शेजारी शेजारी उभ्या लावल्यात. खाली नॉझल रुंद होतं तशी एकेकीची दोन तोंडं होतात, म्हणजे ३५६. या सगळ्या निकेलच्या मिश्रधातूच्या ट्यूब भट्टीत घालून एकमेकींना ब्रेझ केल्यात, म्हणजे मधल्या फटीत दुसरा धातू वितळवून जोडल्यात. बाहेरून जाड पट्ट्यांचे वेढे आहेत, पिंपाला असतात तसे. आत तीन हजार अंशांच्या वर तापमान. तिथे कुठलाच धातू टिकणार नाही, म्हणून ज्वाळेत जाण्याआधी बरंचसं रॉकेल या ट्यूबमधून फिरवतात. एका ट्यूबमधून खाली, शेजारच्या ट्यूबमधून वर. भिंत थंड राहते आणि रॉकेल गरम होऊन जळायला जातं. आपल्या पंपाच्या स्टोव्हमध्येही रॉकेल ज्वाळेतल्या नळीतून फिरून, तापून मगच तोटीतून बाहेर यायचं. फरक इतकाच की स्टोव्हमध्ये रॉकेलची वाफ व्हावी म्हणून ते फिरवायचे, इथे भिंत वाचावी म्हणून.

मी चष्मा पुसून जेवढं जवळ जाता येईल तेवढी गेले. दोन ट्यूबच्या मधल्या खाचेत ब्रेझिंगचा धातू वितळून बसलेला असतो, त्याला आम्ही 'फिलेट' म्हणायचो. चांगला फिलेट आतल्या बाजूला किंचित खोलगट असतो, दोन्ही कडांना अलगद चढतो, मध्ये कुठे तुटत नाही. तसाच दिसला. साठ वर्षं होत आली या कामाला. कुणीतरी त्या ट्यूब हाताने मांडल्या असणार, भट्टीतून बाहेर आल्यावर कुणीतरी माझ्यासारखीने टॉर्च घेऊन एकेक खाच तपासली असणार. मला तिथे भरून आलं. लेकीने विचारलं, आई, बरं वाटत नाही का. बरंच वाटत होतं.

या ट्यूबचा संसार जिथे सुरू होतो तिथे, पार आत, अंधारात इंजेक्टर असतो. साधारण मीटरभर व्यासाची, भोकांनी भरलेली जाड तबकडी. त्या भोकांतून रॉकेलची धार रॉकेलच्या धारेवर आणि ऑक्सिजनची ऑक्सिजनच्या धारेवर आदळते, त्यांचा फवारा होतो आणि तो जळतो. या इंजिनाचा खरा इतिहास त्या तबकडीत आहे, आणि तो समजून घेतला नाही तर नुसतं 'केवढं मोठं!' म्हणून घरी जाल.

२८ जून १९६२ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर चाचणी चालू असताना एक एफ-१ इंजिन उद्ध्वस्त झालं. कारण होतं अस्थिर ज्वलन. तोटी कचऱ्याने अडली की स्टोव्ह कसा भकभकायचा आठवतं? ज्योत एका बाजूला झुकायची, आवाज बदलायचा. तेच इथे, पण सेकंदाला शेकडो वेळा, आणि ६८० टनांच्या जोराने. दाबाची लाट कक्षात गरगरत राहते, भिंतीला उष्णता भलतीच लागते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत धातू वितळतो. चंद्रावर जायची तारीख तर जाहीर होऊन बसलेली, आणि हे का होतं ते गणिताने सांगू शकेल असं तेव्हा कुणी नव्हतं.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी या लोकांना मनापासून नमस्कार करते. इंजिन बिघडण्याची वाट बघत बसले नाहीत. चालू इंजिनाच्या कक्षात त्यांनी छोटा बॉम्ब फोडायला सुरुवात केली. मुद्दाम. स्फोटाने ज्वलन डळमळीत करायचं आणि बघायचं, इंजिन आपलं आपण सावरतं का. सावरलं नाही तर तबकडी बदला. भोकांचे आकार बदला, धारांचे कोन बदला. तबकडीवर तांब्याच्या उभ्या आडभिंती घातल्या आणि तिचे १३ कप्पे केले, म्हणजे लाटेला गरगरायला जागाच मिळू नये. पुन्हा पेटवा, पुन्हा बॉम्ब. या एका दुखण्यासाठी पूर्ण आकाराच्या सुमारे २,००० चाचण्या झाल्या. हंट्सव्हिलमधल्या नासाच्या मार्शल केंद्राचे जेरी थॉमसन आणि इंजिन बनवणाऱ्या रॉकेटडाइनचे पॉल कॅस्टेनहोल्झ हे त्या कामात पुढे होते. शेवटी अशी तबकडी हाती आली की स्फोटानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ज्वलन पुन्हा शांत व्हायचं. पुढे सॅटर्न ५ तेरा वेळा उडालं, म्हणजे ६५ इंजिनं. त्यांतल्या एकानेही उड्डाणात दगा दिला नाही.

हे वाचताना मला माझी एक रात्र आठवत होती. मार्चएंड, एक्स्चेंजर ३१ तारखेला गेटबाहेर जायलाच हवा, ट्रक उभा. वरून निरोप आला, हायड्रो कागदावर झाली दाखवा, सही करा, एप्रिलमध्ये बघू. मी सही केली नाही. रात्री अकराला पाणी भरलं, पंपाने दाब चढवला, अर्धा तास धरायचा होता. गेजचा काटा जागचा हलत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. विसाव्या मिनिटाला एका ट्यूबच्या जोडावर घामाच्या थेंबासारखा एक थेंब आला. पुसला. पुन्हा आला. ट्रक रिकामा गेला आणि पुढचे चार महिने माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. त्या एक्स्चेंजरमध्ये अमोनिया चालणार होता. टेस्ट ही कामाच्या आड येणारी गोष्ट आहे, असं मानणारी माणसं मी खूप पाहिली. इथे एक अख्खं गाव पाहिलं, ज्याचं कामच टेस्ट होतं.

कारण हंट्सव्हिल तसंच वसलंय. जर्मनीहून आलेली व्हर्नर फॉन ब्राउनची मंडळी १९५० मध्ये इथे आली, १९६० मध्ये नासाचं मार्शल केंद्र सुरू झालं. (याच माणसांचं व्ही-२ हे रॉकेट युद्धकाळात कैद्यांना राबवून बनवलं गेलं आणि त्यात हजारो माणसं मेली. या गावात फॉन ब्राउनचं नाव सगळीकडे आदराने घेतात. नातवाला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या.) १६ एप्रिल १९६५ ला मार्शलच्या चाचणी-स्टँडवर सॅटर्न ५ चा पहिला टप्पा घट्ट बांधून पाचही एफ-१ पहिल्यांदा एकत्र पेटवली. किती वेळ? साडेसहा सेकंद.

हॉलमध्ये मदतीला स्वयंसेवक असतात. त्यांतले काही मार्शलमधून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत. आम्हाला भेटलेले आजोबा ऐंशीच्या पुढचे होते. मी लेकीमार्फत विचारलं, चाचणीच्या दिवशी गावात काय व्हायचं? त्यांनी दोन्ही तळवे हवेत उभे धरून थरथरवले, खिडकीच्या काचा थरथराव्यात तसे. मग म्हणाले, आईने कपाटातल्या बश्यांमध्ये कापड घालून ठेवलं होतं. मी ट्यूबबद्दल विचारायला लागले तसे ते खुर्चीवरून उठलेच आणि पाऊण तास आमच्याबरोबर फिरले. त्यांनी रॉकेल आणि ऑक्सिजन इंजिनात ढकलणारा टर्बोपंप दाखवला. एकाच शाफ्टवर एका टोकाला उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन, दुसऱ्या टोकाला आठशे अंशांच्या गरम वायूवर फिरणारं टर्बाइन, ताकद ५५,००० अश्वशक्ती. शाफ्ट पिळत कसा नाही, सील टिकतं कसं, यावर आमची चर्चा रंगली आणि भाषांतर करून करून लेक दमली. तो गरम वायूही फुकट जात नाही. तो नॉझलच्या खालच्या भागात आतून पसरवतात, भिंतीला पांघरूण म्हणून. उड्डाणाच्या जुन्या फोटोंत ज्वाळेचा सुरुवातीचा पट्टा काळपट दिसतो, तो त्यामुळे. इतकी वर्षं मला तो फोटोचा दोष वाटत होता.

आजोबांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अलीकडे मार्शलच्या तरुण इंजिनिअरांनी जुनं एफ-१ उघडून अभ्यासलं. ड्रॉइंग सगळी होती. पण प्रत्यक्ष इंजिनं ड्रॉइंगबरहुकूम नव्हती. वेल्डरने, फिटरने जागेवर केलेले बारीक फेरफार कुठल्याच कागदावर नव्हते, ते त्या माणसांबरोबर गेले. मग प्रत्येक भागाचं स्कॅनिंग करून सगळं नव्याने मांडावं लागलं. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी एफ-१ चा गॅस जनरेटर, म्हणजे टर्बाइनसाठी तो गरम वायू बनवणारा भाग, पुन्हा पेटवून दाखवला. आमच्या कारखान्यातही एक फिटर मामा होते, ट्यूब विस्तारताना आवाजावरून सांगायचे, पुरे. ते निवृत्त झाले त्या वर्षी आमचं रिजेक्शन वाढलं. त्यांचं ऐकून लिहून ठेवायला हवं होतं, ही रुखरुख मला अजून आहे.

आणि हे आडवं रॉकेट? ते मुळात उडण्यासाठी बनवलंच नव्हतं. ते चाचणीचं रॉकेट आहे. १९६६-६७ मध्ये मार्शलच्या उंच मनोऱ्यात ते अख्खं उभं केलं आणि हलवून हलवून बघितलं, कुठल्या कंपनाला कुठे डोलतं ते. तरीही ४ एप्रिल १९६८ च्या अपोलो ६ उड्डाणात पहिल्या टप्प्याला लांबीच्या दिशेने हिसके बसलेच. त्यावर उपाय म्हणून ऑक्सिजनच्या नळांत हेलियम भरून धक्के झेलणारी गादी केली. अमेरिकेत सॅटर्न ५ तीन ठिकाणी आहे, पण मला चाचणीचं रॉकेट बघायला मिळालं याचा जास्त आनंद आहे.

पाचही एफ-१ जिथे एकत्र पेटवली, त्या ४६७० क्रमांकाच्या स्टँडचं काम संपलेलं नाही. ब्ल्यू ओरिजिन या खासगी रॉकेट कंपनीने नासाशी २०१९ मध्ये करार करून तो आपल्या बीई-४ इंजिनांच्या चाचण्यांसाठी घेतला.

घरी आल्यावर फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. भाच्याने विचारलं, मावशी, आपल्याकडे असं इंजिन कधी? त्याला लिहिलं ते इथेही लिहिते. इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनतात. लोकलमधून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? आणि रॉकेल-ऑक्सिजनवर चालणारं, २०० टन रेट्याचं एसई-२००० हे इंजिन इस्रो तयार करतेय. २८ मार्च २०२५ ला तमिळनाडूत महेंद्रगिरीला त्याची पहिली यशस्वी ज्वलन चाचणी झाली. थ्रस्ट चेंबर सोडून बाकीचं इंजिन, अडीच सेकंद. ग्रुपवर कुणीतरी लगेच लिहिलं, अडीचच सेकंद? मी त्यांना साडेसहा सेकंदांची गोष्ट सांगितली. पहिल्या चाचणीत इंजिन किती वेळ चालतं हे बघायचं नसतं. झडपा ठरल्या क्रमाने उघडतात का, पंप वेग धरतो का, पेटतं तेव्हा दाब उसळतो का, ते त्या अडीच सेकंदांत कळतं. सेकंद मग वाढवत न्यायचे. गगनयानसाठी विकास इंजिन जुलै २०२१ मध्ये २४० सेकंद चालवलं, तेही असंच पायरीपायरीने.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. अख्खा दिवस ठेवा. एकट्या डेव्हिडसन हॉलला मला तीन तास लागले. आत एसी चांगलाच गार असतो, शाल न्या. फरशी कडक आहे, गुडघे दुखत असतील तर जाड तळव्याचे बूट घाला. स्वयंसेवकांशी बोला, इंग्रजी मोडकं असलं तरी बोला. फक्त 'छान आहे' म्हणू नका, एक नेमका प्रश्न विचारा, मग बघा ते कसे खुलतात. शाकाहारी असाल तर बाहेर जेवताना खोदून विचारा. हायवेजवळच्या एका ठिकाणी बीन्स शाकाहारी म्हणून दिल्या आणि त्यांत मांसाचे तुकडे निघाले. दुसऱ्या खेपेला आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं, गाडीत बसून खाल्लं.

निघताना मिस बेकरच्या समाधीपाशी थांबा. छोटंसं माकड होतं ते, १९५९ साली ज्युपिटर रॉकेटमधून अवकाशात जाऊन जिवंत परत आलं आणि १९८४ पर्यंत जगलं. तिच्या दगडावर लोक केळी ठेवतात. नातवाने त्याच्या डब्यातलं केळं ठेवलं आणि मला विचारलं, आजी, तिला विचारलं होतं का, जायचंय का म्हणून? मी म्हटलं, नाही रे. आम्ही दोघं थोडा वेळ तिथे उभे राहिलो.

माझ्याकडून या जागेला पाचपैकी पाच. दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी डाव्या बाजूच्या खालच्या इंजिनाच्या ट्यूब मोजत होते, ११२ पर्यंत आले आणि हॉल बंद व्हायची घोषणा झाली. शनिवारी पुन्हा जाणार आहोत. नातू म्हणालाय, या वेळी तो एका बाजूने मोजेल आणि मी दुसऱ्या बाजूने.